खंभातच्या आखाताचा काठ: कांबोईला नुसतं मंदिर बघून परत फिरू नका

अलकापुरीकर

नमस्कार मंडळी,

जानेवारीत पुण्याहून मामेभाऊ सहकुटुंब येतोय. त्याची दोन्ही मुलं पक्ष्यांपायी वेडी आहेत. राजवाडा, कामाटीबाग, पावागड-चांपानेर मागच्या खेपेला झालं. या वेळी त्यांना समुद्र हवाय, आणि दीव-सोमनाथला जाऊन यायला सवड नाही.

माझ्या मनात खंभातच्या आखाताचा काठ आहे. पादरा, जंबुसर, कावी करत कांबोईला पोचलं की वडोदऱ्यापासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर आपण थेट आखाताच्या काठाशी उभे राहतो. आपण बडोदेकर तिथे जातो ते स्तंभेश्वर महादेवासाठी. भरतीचं पाणी पिंडीवर चढताना बघतो, हात जोडतो, फोटो काढतो आणि जंबुसरला चहा पिऊन घरी येतो. समोर क्षितिजापर्यंत पसरलेल्या चिखलाकडे कुणी ढुंकून बघत नाही. 'इथे काय आहे, नुसता गाळ' हे वाक्य मी आमच्याच घरात किती वेळा ऐकलंय.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. त्या गाळात जेवढा जीव भरलाय तेवढा रिसॉर्टसमोरच्या पांढऱ्या वाळूत सापडणार नाही. ओहोटीला काठावर पाच मिनिटं हालचाल न करता उभं राहा. आधी काहीच दिसत नाही. मग एका बिळातून एक खेकडा निघतो. एक नांगी एवढीशी आणि दुसरी त्याच्या अंगापेक्षा मोठी. ती मोठी नांगी तो वर करतो, खाली घेतो, पुन्हा वर करतो. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळा काठ हलायला लागतो. हे नर असतात, माद्यांना बोलावत असतात. कुणाचा पाय वाजला की क्षणात सगळे गुडुप.

तर प्रश्न असे: जायची नेमकी वेळ कशी ठरवायची? मुलांना कुठपर्यंत न्यावं? आणि आखाताच्या काठी आणखी बघण्यासारखं काय आहे?

सुमेधा_निझामपुरा

छान धागा! हा विषय कुणीतरी काढायलाच हवा होता.

जानेवारी अगदी योग्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. सैबेरिया-मध्य आशियाकडून आलेले पाणपक्षी तेव्हा आखाताच्या सगळ्या काठावर असतात. पण नवखी मंडळी एक गोष्ट चुकतात. ती ऐन ओहोटीला जातात. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पक्षी त्याच्यामागे दूरवर पांगतात आणि दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. भरती पूर्ण व्हायच्या दोनेक तास आधी जाऊन बसा. पाणी चढत येतं तसे पक्षी स्वतःच तुमच्याकडे सरकतात.

कोरल दिसेल, त्याची खाली वाकलेली लांबलचक चोच लगेच ओळखू येते. ती चोच बिळात पार डोळ्यांपर्यंत घालून तो खेकडा ओढून काढतो, झटके देऊन त्याचे पाय तोडतो आणि मग धड गिळतो. पाणटिवळ्यांचे थवे, उचाट्या, शेकाट्या, तुतवार, कुरव, सुरय, चित्रबलाक. नशीब असेल तर रोहित. चिमुकल्या चिखल्यांपासून ते उंचच उंच रोहितापर्यंत प्रत्येकाच्या चोचीची लांबी वेगळी, म्हणून एकाच चिखलात सगळ्यांचं भागतं. कुणी वरचं टिपतं, कुणी खोलातलं. हे मुलांना तिथे उभं करून दाखवा, वर्गात शिकवावं लागणार नाही.

ग्वाल्हेरचा_विनू

वाचनखूण साठवली. आमच्याकडे समुद्र म्हणजे बाराशे किलोमीटरचा प्रवास. वाचूनच तहान भागवतो.

अलिबागची_लेक

मी लग्न होऊन बडोद्याला आले. समुद्राकाठी वाढलेय, त्यामुळे स्पष्ट बोलते, रागावू नका. ज्या पाण्यात पाय बुडवता येत नाही, ज्याचा रंग बाराही महिने चहासारखा, त्याला मुलांना समुद्र म्हणून दाखवायचं? पुण्याची मुलं येणार, चिखल बघून हिरमुसतील. त्यांना दोन दिवस जास्त काढायला सांगा आणि शिवराजपूरला न्या, द्वारकेजवळ. निळंशार पाणी आहे.

पक्ष्यांचं मान्य. पण समुद्र पाहिल्याचं सुख वेगळं असतं.

जंबुसरकर

मी जंबुसर तालुक्यात शाळेत शिकवतो. आधी काळजीची गोष्ट सांगतो, मग बाकीची.

चिखलात उतरू नका. मुलांना तर अजिबात नाही. वरून कोरडी, भेगाळलेली दिसणारी जागा पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत घेते, आणि पाय जितका ओढाल तितका रुततो. त्यात इथली भरती. अलिबागच्या ताईंना माहीत असेल तशी ती हळूहळू येत नाही. आखात तोंडाशी रुंद आणि आत अरुंद होत जातं, तळ उथळ, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागाच राहत नाही, ते वर चढतं. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत दहा-अकरा मीटरचा फरक पडतो. भारतात इतका फरक दुसरीकडे नाही. तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं. मोठ्या उधाणाला महीच्या मुखात तर पाण्याची फेसाळ भिंतच आत सरकत येते, आणि तिचा आवाज आधी ऐकू येतो.

काठ, बांध, मंदिराचा ओटा इथूनच बघा. गावातल्या माणसाला सोबत घ्या. आमचे मच्छीमार पाण्याचा मागोवा घेत जन्म काढतात, तेही वेळ चुकवत नाहीत.

आता बाकीचं. चिखलात उतरायची गरजच नाही, कारण सगळं काठालगतच आहे. निवट्या बांधावरून हाताच्या अंतरावर दिसतात. मासा असून पाण्याबाहेर राहतो. डोक्यावर दोन फुगीर डोळे, पुढच्या परांवर रेटत चालतो, मध्येच टुणकन उडी. दोन निवट्या समोरासमोर आल्या की पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडतात आणि तोंड वासून भांडतात. अंग सुकायला लागलं की ओल्या चिखलात एका कुशीवर लोळून घेतात. आमची शाळेतली पोरं तासन् तास बघत बसतात.

इंदूरची_मृणाल

जंबुसरकर सर, निवट्यांचं वर्णन वाचून आत्ताच रात्रीच्या गाडीचं तिकीट काढावंसं वाटलं. एक विचारते, स्तंभेश्वराचं मंदिर खरंच पूर्ण बुडतं का? इंदुरात कुणी सांगितलं तर विश्वास बसत नाही.

आणि जंबुसरला सकाळी पोहे मिळतात का? हा प्रश्न इंदूरकराला सुटत नाही.

जंबुसरकर

मृणालताई, पिंडी आणि गाभारा पाण्याखाली जातो, दिवसातून दोनदा, प्रत्येक भरतीला. उधाणाला जास्त, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत कमी. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल ज्या वेळी दर्शन झालं त्याच वेळी आज होईल असं नाही. वेळापत्रक तिथे मिळतं. महीसागरसंगम म्हणून स्कंदपुराणात जे तीर्थ आहे ते हेच, तारकासुराला मारल्यावर कार्तिकेयाने इथे लिंग स्थापलं अशी कथा.

पोहे मिळतील, पण बटाटापोहे. वर भुरभुरायचा जिरावन मसाला घरून आणा.

दांडियाबाजारचे_काका

कामाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तो पाहिला नसेल असा बडोदेकर सापडणार नाही. पण तो आला कुठून हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प. तो १९४४ साली याच महीच्या मुखाशी लागलेला निळा देवमासा. बावीस मीटरच्या आसपास लांबी. खुल्या अरबी समुद्रातला प्राणी या उथळ, गढूळ आखातात शिरला. अलकापुरीकर, मुलांना सकाळी आधी तो सांगाडा दाखवा आणि मग कांबोईला न्या. त्या पाण्याकडे बघायची नजरच बदलेल.

दुसरं. जंबुसरकरांनी चिखलाचं सांगितलं म्हणून आठवलं. दांडी यात्रेत गांधीजींनी मही ओलांडली ती १९ मार्च १९३० च्या रात्री. कंकापुऱ्याच्या बाजूला भरतीची वाट बघत थांबले होते. ओहोटीत नदीच्या पात्रात नुसता गाळ, नाव चालत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास पाणी चढलं तेव्हा नावेत बसले, आणि तरीही दोन्ही काठांना गुडघाभर चिखल तुडवावा लागला. लोक हातात दिवे घेऊन काठावर उभे होते. पलीकडे कारेली, म्हणजे जंबुसर तालुकाच. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी तो चिखल तुडवला. आमचे वडील हे सांगताना दर वेळी थांबायचे.

सुमेधा_निझामपुरा

काका, कंकापुऱ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. मनापासून आभार.

अलिबागची_लेक

वेळ काढायला आमच्याकडची पद्धत सांगते. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आजोबा पंचांगाकडे एक नजर टाकून सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. अलकापुरीकरांना कुठल्याही ॲपची गरज नाही.

जंबुसरकर

ताई, ही पाऊणपट कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्याला लागू. तीच भरती आखातात वर चढत आमच्याकडे पोचेपर्यंत काही तास जातात. बाराचं गणित धरून कांबोईला आलात तर समोर ओहोटी दिसेल. मात्र रोज किती पुढे सरकायचं हा हिशोब इथेही तोच, आणि उधाण-भांग तिथीवरच. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे एक-दोन दिवस पाणी सर्वांत मोठं, अष्टमीच्या आसपास सर्वांत लहान.

मुलांना भरतीचा थाट दाखवायचा असेल तर पौर्णिमेनंतरचा दिवस निवडा. फक्त पक्षी बघायचे असतील तर अष्टमीचं पाणी संथ असतं.

ग्वाल्हेरचा_विनू

एक शंका. विश्वामित्रीतल्या मगरी शहरात फिरतात हे २०२४ च्या पुरात सगळ्या देशाने पाहिलं. विश्वामित्री शेवटी याच आखाताला मिळते ना? मग कांबोईला मगर भेटायची काय? आमच्या चंबळेत घडियाल आहेत, त्यांना आम्ही घाबरत नाही, पण मगरीपुढे हात टेकले.

सुमेधा_निझामपुरा

विनू, विश्वामित्री आधी ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला. आपल्या मगरी गोड्या पाण्याच्या. पुरात खाली वाहत जातात, पण खाऱ्या पाण्यात वस्ती करत नाहीत. काठावर निर्धास्त बस. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर वेगळी, ती सुंदरबन आणि ओडिशाच्या भितरकनिकाची.

आणि चंबळेबद्दल लिही की कधीतरी. पाणचिरे अजून आहेत ना तिथे? खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असलेला तो पक्षी. तुझ्या गावापासून दीड-दोन तासांवर आहे, आणि आम्ही इकडे झुरतोय.

ग्वाल्हेरचा_विनू

आहेत. मार्चमध्ये वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. वेगळा धागा काढतो.

रेवाकाठ

भरूचहून लिहितेय. आखाताच्या काठाची चर्चा आणि अजून आलियाबेटाचं नाव नाही?

नर्मदेच्या मुखात हे बेट. मालधारी म्हणजे गुरं-उंट पाळणारी कुटुंबं राहतात, फकिराणी जत समाजाची, मूळची कच्छकडची. त्यांचे खाराई उंट भरतीच्या पाण्यात पोहतात. अक्षरशः पोहतात, मान वर काढून, एकामागे एक, आणि पलीकडच्या तिवरांत जाऊन चरतात. २०१५ साली या उंटाला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. बेटावर शाळा-दवाखान्यासारखी पक्की इमारत नाही, म्हणून २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत मतदान केंद्र लोखंडी कंटेनरमध्ये उभारलं होतं. अरब देशांतल्या वाळवंटात नाही हो, भरूच शहरापासून गाडीने काही तासांत पोचता येईल अशा ठिकाणी!

तिवराचं एक पान तोडून त्याची पाठ बघा. मिठाचे बारीक कण लागलेले असतात. मुळांनी जे मीठ आत आलं ते झाड पानातून बाहेर टाकतं. जीभ लावली की खारट. उंटाला हेच आवडतं.

आणि पाला मासा. पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत अंडी घालायला चढतो, इथे चाकसी म्हणतात. माझ्या माहेरी श्रावण लागायच्या आधी एकदा तरी तो घरात यायचाच. आता नदीत वरून येणारं गोडं पाणी कमी, मासा कमी, आणि मिळाला तर भाव ऐकून परत फिरावं लागतं. भाडभूतला मुखाजवळच मोठा बंधारा होतोय. कोळी कुटुंबांना हीच धास्ती आहे की मासा वर चढणार कुठून.

पाटकर_अभियंता

रेवाकाठ, तुमचा जीव तुटतो ते कळतं, पण दुसरी बाजूही मांडू द्या. भाडभूत काय किंवा आखातावरचं नियोजित कल्पसर धरण काय, यामागे खरी गरज आहे. नर्मदेत खालून खारं पाणी चढून भरूचकडच्या विहिरी आणि शेतं खारट झाली आहेत. सौराष्ट्रात तर प्यायच्या पाण्याची ओढ पिढ्यान्‌पिढ्यांची.

कल्पसरची मूळ कल्पना मांडणारे डॉ. अनिल काणे आपल्याच सयाजीराव विद्यापीठाचे कुलगुरू होते. भावनगर आणि भरूच यांच्यामध्ये आखातावर धरण घालायचं, वरून येणाऱ्या नद्यांचं गोडं पाणी अडवायचं, वरून रस्ता न्यायचा. घोघा-दहेज फेरीबोट २०१७ मध्ये सुरू झाली आणि दहेजच्या गाळापुढे टिकली नाही, शेवटी हाजिऱ्याहून सोडावी लागली. रस्ता झाला असता तर हा प्रश्नच नव्हता. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आहे. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या बायका पाहिल्या की उचाट्या आणि कोरल दुय्यम वाटतात.

सुमेधा_निझामपुरा

पाटकर काका, पाणी दुय्यम आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण आखात म्हणजे रिकामी पडलेली जागा नव्हे.

हा चिखल भरती-ओहोटीवर जगतो. धरणाच्या आतलं पाणी स्थिर झालं की दिवसातून दोनदा उघडी पडणारी जमीन कायमची बुडते. मग निवट्या, खेकडे, किडे संपतात, त्यांच्यावर जगणारे पक्षी संपतात, तिवरांत वाढणारी कोळंबी आणि बोंबलाची पिल्लं संपतात. मासेमारी करणारी हजारो माणसंही याच काठावर आहेत, त्यांच्याही घरी बायका आहेत. शिवाय साबरमती आणि महीतून शहरांची घाण किती येते तेही बघा, ती त्याच गोड्या तळ्यात साठणार.

वढवाणा तलावाचं उदाहरण घ्या. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधला, डभोईजवळ. आजही शेतीला पाणी देतो, आणि हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. २०२१ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. पाणी आणि पक्षी दोन्ही सांभाळता येतात, पण त्यासाठी आहे ते मोडून चालत नाही.

पाटकर_अभियंता

सांडपाण्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो आधी सुटायला हवा. बाकी मतभेद राहू द्या. वढवाणा मात्र माझ्याही आवडीचा.

जंबुसरकर

सांडपाण्यावरून बोलतो. वडोदऱ्याच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटर कालव्याने वाहत येऊन आमच्या तालुक्यात सारोदजवळ आखाताला मिळतं. प्रक्रिया करून सोडायचं असा नियम आहे. तरी काही दिवस असे असतात की काठावर उभं राहवत नाही, डोळे चुरचुरतात. त्या दिवशी निवट्या बिळाबाहेर येत नाहीत, पोरं मला येऊन सांगतात, "साहेब, आज कोणी नथी." शहरातल्या मंडळींनी एवढं तरी ध्यानात ठेवावं की नळाखाली जे वाहून जातं त्याचं दुसरं टोक इथे आहे.

दांडियाबाजारचे_काका

गाळाबद्दल थोडं. हाच गाळ खंभात बंदराला खाऊन बसला. एके काळी अरबस्तान-आफ्रिकेपर्यंत व्यापार करणारं शहर, आणि पुढे पुढे बंदरापर्यंत जहाज येईना. मालाची सगळी उलाढाल सुरतेकडे गेली.

बडोदा संस्थानाचं मात्र दुसऱ्या आखाताशीही नातं होतं हे तरुणांना माहीत असावं. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेला ओखामंडळ, द्वारका, बेट द्वारका हा मुलूख गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांनी जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवतज्ज्ञाकडून १९०५ च्या सुमारास ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करून घेतली. शिंपले, प्रवाळ, मासे, सगळ्याची नोंद झाली आणि सरकारी अहवाल छापला गेला, पहिला भाग १९०९ चा. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला समुद्रातले किडे-शिंपले मोजून घ्यावेसे वाटले! अलिबागच्या ताई ज्या शिवराजपूरचं नाव घेतात तेही त्याच मुलखातलं.

जामनगरची_सून

काकांनी कच्छच्या आखाताचं नाव काढलं, आता मला राहवत नाही.

मुलांना समुद्राचा तळ पायी चालून दाखवायचा असेल तर नरारा. जामनगरहून वाडीनारच्या बाजूला. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान इथलंच, १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आखातात बेचाळीस बेटं. ओहोटीला पाणी सरलं की प्रवाळाचं पठार उघडं पडतं आणि घोटाभर पाण्यातून चालत जाता येतं. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या लागतोच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटाड्याने एका दगडाजवळ थांबवलं. मला दगडच दिसत होता. मग त्या दगडाने रंग बदलला, तपकिरीचा करडा झाला, आणि एक पाय सावकाश लांब करून फटीत शिरला. ऑक्टोपस! पुढे समुद्रफुलं, तारामासे, आणि पोट फुगवून चेंडू झालेला केंड मासा. एकच विनंती, हात लावू नका आणि फोटोसाठी उचलू देऊ नका. वाटाड्याने आपणहून उचलला तरी नको म्हणा. उन्हात दोन मिनिटं काढलेला जीव पुन्हा पाण्यात सोडला तरी जगेलच असं नाही. प्रवाळावर पाय पडला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते.

जवळच खिजडिया. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं.

इंदूरची_मृणाल

म्हणजे नरारा जास्त चांगलं की कांबोई? सुट्टी एकदाच मिळते हो.

जामनगरची_सून

बडोद्याहून नरारा म्हणजे किमान दोन मुक्काम. कांबोई एका दिवसात होतं. तुम्ही इंदूरहून येताय तर नरारा करा, अलकापुरीकरांनी कांबोई.

बंड्या_रावपुरा

कुणी पिरमबेटाबद्दल लिहील का? घोघ्यासमोरचं. तिथे लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं सापडली आहेत असं कॉलेजात ऐकलं होतं.

दांडियाबाजारचे_काका

बरोबर ऐकलंस बंड्या. एकोणिसाव्या शतकात सापडली. त्यात जिराफाच्या कुळातला एक थोराड प्राणी आहे, ब्रह्मथेरियम, आणि त्याच्या जातीच्या नावातच पेरिम, म्हणजे पिरम, आहे. जिथे आज भरतीचं पाणी धावतं तिथे तेव्हा नद्या होत्या आणि हे प्राणी चरत होते. पण बेटावर जाणं सोपं नाही. प्रवाह फार ओढीचा आहे, परवानगीशिवाय आणि जाणत्या नावाड्याशिवाय विचारही करू नकोस.

अलिबागची_लेक

धागा वाचून रविवारी नवऱ्याला घेऊन कांबोईला गेले. पोहायला मी अलिबागलाच जाणार, ते मत कायम आहे. पण भरती येताना जे दिसलं ते आमच्या किनाऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे लाट येते, फुटते, मागे जाते. इथे लाट नाहीच. एक तपकिरी कड नुसती पुढे सरकत येते. ओहळांतून आधी आत शिरते, मग ओहळांच्या मधली जमीन दोन्ही बाजूंनी घेरते. शे-दोनशे पाणटिवळे उरलेल्या एका तुकड्यावर दाटीवाटीने उभे होते. पाणी पोटाला लागलं तेव्हा सगळे एकदम उठले, वळले, आणि वळताना पंखांवरचा पांढरा पट्टा एकाच वेळी चमकला. नवरा दुर्बीण सोडायला तयार नव्हता.

स्वच्छतागृहाची सोय बेताची, हेही लिहून ठेवते. बायकांनी जंबुसरला थांबून घ्यावं.

सुमेधा_निझामपुरा

ताई, तो पांढरा पट्टा म्हणजे काळ्या शेपटीचा पाणटिवळा. तुम्ही पहिल्याच खेपेला ओळखीची खूण पकडलीत.

रेवाकाठ

अलिबागच्या ताई, आता आलियाबेटाला या. उंट दाखवते. जेवण माझ्याकडे.

अलकापुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती एका जागी कुठेच मिळाली नसती.

बेत असा ठरवतोय. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडलं की देवमासा. मग पादऱ्यामार्गे जंबुसर, आणि भरतीच्या दोन तास आधी कांबोई. चिखलात कुणी उतरणार नाही, बांधावरच बसायचं. दुसऱ्या दिवशी वढवाणा. मामेभावाला धुवारण-खंभातची बाजूही बघायची होती, पण जुलै २०२५ मध्ये गंभीरा पूल पडल्यापासून तिकडे वासदमार्गे मोठा वळसा पडतो, त्यामुळे ते सोडून दिलं.

पाटकर काका, तुम्ही आणि सुमेधाताई दोघंही आलात तर गाडीत दोन जागा आहेत. कल्पसरवरची चर्चा कल्पसरच्या काठावरच करा.

जंबुसरकर सर, सोबतीला गावातला कुणी जाणता माणूस मिळेल का? त्याचं जे काही मानधन असेल ते देऊ.

पाटकर_अभियंता

येतो. दुर्बीण माझ्याकडे आहे, तिपाईसुद्धा.

जंबुसरकर

माणूस मिळेल, मी स्वतःही येईन. त्या दिवशीची भरतीची वेळ आदल्या संध्याकाळी मच्छीमारांना विचारून कळवतो, छापील वेळेपेक्षा वाऱ्याने थोडी मागेपुढे होते. मुलांना गडद रंगाचे कपडे घालायला सांगा, पांढरं-लाल काही नको, पक्षी लांबूनच उठतात. आणि शनिवार धरा, रविवारी मंदिरात गर्दी असते. आमच्या सहावी-सातवीच्या पोरांनाही बोलावतो. निवट्या कुठल्या बांधावर सर्वांत जास्त निघतात ते माझ्यापेक्षा त्यांनाच चांगलं माहीत आहे.